ऑर्डर होती म्हणून? आधी माय लाय वाच

अरे, युद्ध आणि हक्क यावर वाद घालायला थेट थिअरीत घुसू नकोस, मीपण तेच केलं आणि वर्षभर नुसते मोठे शब्द फेकत बसलो. आधी एक केस नीट धर, व्हिएतनाममधलं माय लाय गाव, १६ मार्च १९६८, जिथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. त्यांच्यातला लेफ्टनंट कॅली म्हणाला वरून ऑर्डर होती, तरी १९७१ला कोर्ट मार्शलने (लष्करी कोर्टाने) २२ खुनांसाठी दोषी ठरवलंच (जन्मठेप झाली, पण प्रत्यक्षात तीन-साडेतीन वर्षंच, तीही बरीचशी घरातच नजरकैदेत, काय बोलायचं!). पण खरा बघ तो ह्यू थॉम्पसन, अमेरिकन हेलिकॉप्टर पायलट, त्याने त्याच दिवशी हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधे उतरवलं आणि क्रूला सांगितलं की यांनी गावकऱ्यांवर फायर केलं तर तुम्ही यांच्यावर करा. यासाठी सोल्जर्स मेडल मिळालं ते थेट १९९८ला. आता हे त्याने केलं तो हक्क की ड्युटी, यावर आधी स्वतःच्या चार ओळी लिही, मग न्युरेंबर्ग (दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेले खटले) उघड.