सकाळी चार-पाच सेल मारल्यावरच सुरू होणारी, आयडलिंगला धडधडणारी जुनी प्रीमियर पद्मिनी: कार्ब्युरेटर बदलू का?

नका बदलू, आधी डेल्कोचं (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) झाकण काढून पॉइंट (आत उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क) बघा. सेल मारताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं, त्यात पॉइंट जळलेले असले की ठिणगी मरते, आणि खापर मात्र कार्ब्युरेटरवर फुटतं. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ दिसलं तर कंडेन्सरसकट (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) दोन्ही बदला, नुसतं पॉलिश पेपर मारून भागत नाही. पॉइंटमधली गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) लावा, अंदाजाने नको.

मग गाडी आयडलिंगला ठेवून एकेका प्लगची वायर काढा (रबरी हातमोजे घालून, नाहीतर झटका बसेल). जी काढल्यावर आवाज अजिबात बदलत नाही, तो सिलिंडर मिसिंग. त्याचा प्लग खोला:

- ओला, पेट्रोलचा वास: ठिणगी नाही. प्लग, वायर, डेल्कोच्या झाकणातली चीर बघा.
- कोरडा काळा काजळा: पेट्रोल जास्त. चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी कार्ब्युरेटरमधली झडप) पूर्ण उघडतोय का ते बघा.

चारही सिलिंडर सारखेच डळमळत असतील तर कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल. शिवाय हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने गाडीतल्या पेट्रोल पंपाचा जुना रबरी पडदाही खराब होतो.

हे सगळं इग्निशन आणि पेट्रोलपुरतं. ठिणगी चांगली असून एकच सिलिंडर मेलेला राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकल्यावर आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.