मुंबई ते मालपे सायकलने: आधी खाड्या बघ, मग किलोमीटर

डोंबिवलीहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने कर्नाटकात उडुपीजवळचं मालपे, तिथून सेंट मेरीज बेटं, आठ दिवस, रोज ११० किमी असा तुझा प्लॅन. रूट झकास आहे रे, पण हा हिशोब हायवेचा आहे, किनाऱ्याचा नाही. कोकणात रोज ७० च्या वर धरूच नकोस, कारण खाडीशी उतरायचं, पलीकडे गेलं की सडा (जांभ्याचं पठार) चढायचा, परत उतरायचं, हे दिवसभर चालू असतं आणि पाठीमागे पॅनियर (कॅरिअरच्या बॅगा) लटकलेले.

सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा. पनवेल-पेणच्या ट्रॅफिकमध्ये धूर खाण्यापेक्षा हे कधीही बरं. मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी, आणि शेवटी तेरेखोल ओलांडून केरी, म्हणजे गोव्यात. दिवसाचा मुक्काम या फेऱ्यांवरूनच ठरव. संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर खाडीला वळसा घालून जायचं म्हणजे दुसऱ्या दिवसाची वाट लागते. आदल्या रात्री जिथे राहशील तिथल्या काकूंना टायमिंग विचार, नेटवरच्यापेक्षा त्यांचं पक्कं असतं. आणि हो, फेरीत चढताना क्लीटवाले (पेडलला अडकणारे) शूज नकोत, भरती उतरली की रॅम्पवर शेवाळाचा हिरवा थर असतो, त्यावर गाड्यांचं ऑइल सांडलेलं, पाय सरळ खाडीत!

निघायचं डिसेंबर-जानेवारीत. दुपारनंतर वारा साधारण वायव्येकडून असतो, दक्षिणेला जाताना फायदाच, म्हणून मुंबईहून खाली जा, उलटा रूट करू नकोस.

कारवारनंतर एनएच ६६ वर ११० आरामात होतात, कडेला रुंद शोल्डर (मोकळी पट्टी) आहे, पण कंटाळवाणं. अपवाद मरवंतेचा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता बेटं. सायकल तिथे न्यायचा विचार सोड, चार छोटी बेटं, चालवायला जागाच नाही आणि मुक्कामही करू देत नाहीत. मालपेला सायकल लॉक कर, बोटीने जाऊन ये. पावसाळ्यात बोटी बंद. बघायचे ते खडक, लाव्हा थंड होताना पडलेले बहुकोनी खांब, मादागास्कर आपल्यापासून तुटलं त्या काळातले, साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे. लोक सेल्फी काढून परततात, तू जरा खाली वाकून खांबांमधले सांधे बघ. वास्को द गामा १४९८ मध्ये इथे उतरला असं सांगतात, नाव त्यावरून पडलं म्हणे.

परतीला उडुपीहून मत्स्यगंधा एक्सप्रेस, एलटीटीपर्यंत (लोकमान्य टिळक टर्मिनस). सायकल पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच बुक कर, पेडल काढून ठेव, डिरेल्युअरला (मागच्या गिअरच्या यंत्रणेला) पुठ्ठा गुंडाळ.

एकूण बारा-तेरा दिवस धर. सुट्टी आठच असेल तर गोव्यापर्यंत जा, तिथूनच ट्रेन पकड, मालपे पुढच्या वर्षी. आणि टायर कितीचे आहेत ते सांग, ३२ मिमीपेक्षा बारीक असतील तर केळशी-आंजर्ले पट्ट्यासाठी आधी ते बदलावे लागतील.