अडकित्त्यांपासून सुरुवात करा

प्रश्न : ताई, मे महिन्यात सोसायटीतल्या मुलांना पुण्याच्या केळकर संग्रहालयात न्यायचंय. तिथे काही कार्यक्रम असतो का? मुलं कंटाळतील अशी धास्ती वाटते.
– एक आई, कोथरूड

उत्तर : १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. त्या सुमारास बऱ्याच संग्रहालयांत व्याख्यानं, मुलांच्या कार्यशाळा होतात. आधी फोन करून चौकशी करा. पण कार्यक्रम नसला तरी जाच! सगळी दालनं एका दमात दाखवायला गेलात, की मुलं कंटाळलीच म्हणून समजा. अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्री, एवढंच बघा. पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता दिसला की मुलं हटत नाहीत. प्रत्येकाला एकच वस्तू निवडून चित्र काढू द्या. आणि हे आवर्जून सांगा : दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, ही माणसांच्या रोजच्या वापरातली दौलत गावोगाव फिरून जमवली, अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. मस्तानी महाल तर तुमच्याच कोथरूडहून आणून तिथे उभारलाय. एखाद्या आजींनाही सोबत न्या. वज्री कशी वापरायची ते त्याच दाखवतील.