‘काय घालू, म्हणजे होणार नाही?’

घरात कॅन्सर येऊन गेला की पुरुष विचारतात, ‘काय खाऊ?’ बायका विचारतात, ‘काय खायला घालू?’ कणकवलीत समुपदेशन करायला लागून मला बारा वर्षं झाली, हा फरक मी कितीदा ऐकला असेन. अलीकडे मोबाइलवरून आलेला तिसरा प्रश्नही असतो: ‘शाकाहारानं पोटातले बॅक्टेरिया सुधारतात आणि मग कॅन्सर होत नाही म्हणे. खरं का?’ गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात चौघींनी विचारला. म्हणून सुनंदाताईंबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थात बदलल्या आहेत.

सुनंदाताई मालवणकडच्या. नवऱ्याला बावन्नाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, केमो झाली, तपासण्या ठीक आल्या. घरी परतल्यावर ताईंनी मासे, अंडी, दूध सगळं बंद केलं. मिक्सरमधला हिरवा रस, पार्सलनं आलेल्या बिया, बॅक्टेरियांच्या महागड्या कॅप्सूल, आणि एक दोनशे पानी वही. वहीत रोज काय दिलं, किती ग्रॅम दिलं. दोन महिन्यांत नवऱ्याचं वजन चार किलो उतरलं, आणि एका संध्याकाळी तो बंदरावरच्या खानावळीत तळलेला बांगडा खाताना सापडला.

‘तेंका जगूचाच नाय,’ ताई म्हणाल्या.

पहिल्या भेटीत मी चुकले. मी माहिती दिली.

माहिती खरीच होती. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं तसंच काहीसं मोठ्या आतड्यात चाललेलं असतं, असं मी त्यांना सांगितलं. कडधान्यं, भाज्या, नाचणी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात, आणि तिथला दाहही त्यानं कमी राहतो. २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले वीस आफ्रिकन वंशाचे लोक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले वीस जण, यांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण जेवलं. चोथ्याचं जेवण मिळालेल्या अमेरिकनांचा आतड्यातला दाह उतरला, ब्युटिरेट वाढलं. चरबी-मांसाचं जेवण मिळालेल्या आफ्रिकनांचं उलट झालं. अवघ्या चौदा दिवसांत. अर्थात तिथे मोजल्या गेल्या त्या धोक्याच्या खुणा. कॅन्सर कुणाला झाला, कुणाचा टळला, हे चौदा दिवसांत कसं कळणार? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, हेही मी बोलून गेले.

ताईंनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात वही घेऊन हजर. ‘मॅडम, चारशे ग्रॅम म्हणजे कच्ची भाजी की शिजवलेली? आणि तेंनी अर्धीच खाल्ली तर?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी भीतीला खुराक घातला होता. भ्यालेल्या माणसाला माहिती दिली की तो शहाणा होतो असं नाही, तो नेमका भ्यायला शिकतो.

तिसऱ्या भेटीला मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, ‘हे सगळं करताना रात्री झोप लागते?’ बराच वेळ बाहेरच्या एसटीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग त्या खाली बघून म्हणाल्या, ‘जेवाण तर मीच करी होतंय मा?’

त्या एका वाक्यासाठी आम्ही तीन आठवडे ग्रॅम मोजत बसलो होतो. ऑपरेशनच्या वेळी भेटायला आलेल्या कुणीतरी सहज म्हटलं होतं, ‘खाण्यातून होतो हो हा आजार.’ तीस वर्षं ज्या हातांनी माशांचं तिखलं केलं, ज्या हातांचं गावानं कौतुक केलं, त्याच हातांनी नवऱ्याला आजार वाढला, असं ताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हिरवा रस हे प्रायश्चित्त होतं. वही हा आरोपीनं स्वतःविरुद्ध गोळा केलेला पुरावा होता.

माझी मदार अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर आहे. ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट माणसाला दुखावतो, असं ते म्हणत. त्यांना मराठी येत असतं तर त्यांनी ‘च’ या एका अक्षरावर बरंच काही लिहिलं असतं असं मला नेहमी वाटतं. माणसाची निम्मी दुखणी या अक्षराला चिकटलेली असतात: मीच, खाण्यानेच, टळलंच पाहिजे. म्हणून मी त्या ‘मीच’लाच हात घातला.

‘त्या टोपातलं कोण कोण जेवायचं?’

ताईंनी बोटांवर मोजलं. नवरा, त्या स्वतः, दोन मुलं, एक्याऐंशीच्या सासूबाई, दीर. आंब्याच्या मोसमात कलमांवरचे गडी. मग बोट तसंच अधांतरी ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मग तेंकाच कशाक?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘डॉक्टरांनाही एका माणसाबद्दल हे सांगता येत नाही. वय असतं, रक्तातून आलेलं असतं, दारू-तंबाखू असते, वजन असतं, पेशींची नक्कल होताना होणारी निव्वळ चूकही असते. जेवणाचा त्यात वाटा असतो. पण वाटा म्हणजे सगळा जमाखर्च नव्हे.’

त्या रडल्या. थोडं नाही, चांगलं वीस मिनिटं. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या कामातल्या ज्या गोष्टींचा मला थोडा अभिमान आहे त्यांत ही वीस मिनिटं येतात. माझ्यासारख्या बोलघेवडीला गप्प बसणं सोपं नाही.

चौथ्या भेटीला नवरा आला. मितभाषी माणूस. त्यानं एकच वाक्य टाकलं: ‘ही माझ्या ताटाकडे बघता, माझ्याकडे नाय.’ पुढचं काम त्या दोघांनीच केलं, मी फक्त खुर्च्या पुरवल्या.

आता त्या चौघींसाठी, आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठी.

चोथ्याचा, डाळी-भाज्यांचा आहार मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी करतो, हे मानायला चांगला आधार आहे. धोका कमी होतो, हमी मिळत नाही. हमी मागायला गेलात की कितीही बिया खा, रात्री झोप येणार नाही.

मासे सोडायलाच हवेत का? २०१५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सॉसेज, बेकन, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारक ठरवलं आणि मटण-बीफ-पोर्कसारख्या लाल मांसाला ‘बहुधा कॅन्सरकारक’. त्या मूल्यमापनात मासे नव्हतेच. आणि रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना होतो असा नाही. मुळात जेवढा धोका असेल तो स्वतःच्या १८ टक्क्यांनी वाढतो. सगळंच सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, तेवढं डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन झालेल्या पोटाला तर एकदम चोथ्याचा मारा झेपत नाही, तिथे उपचार करणाऱ्यांचा शब्द शेवटचा.

आणि पार्सलच्या बिया कशाला? कुळथाची पिठी, काळे वाटाणे, चवळी, नाचणीची भाकरी, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, पावसात टाकळा नि अळू. जिवाणूंना हे सगळं चालतं, पार्सलची त्यांना सवय नाही. बाजूला बांगड्याचं तिखलं असलं म्हणून ते रुसत नाहीत.

ताटापेक्षा मला एका वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे ‘मूळव्याध असेल’ म्हणतात आणि झाडपाला सुरू होतो. सुनंदाताईंच्या नवऱ्यानं त्यात आठ महिने घालवले. रक्त, बदललेली शौचाची सवय, उगाच उतरणारं वजन, यांपैकी काही दिसलं तर आधी तपासणी. आणि आईवडील किंवा भावंडाला हा आजार झाला असेल, तर आपली तपासणी कोणत्या वयात करायची ते विचारून ठेवा. ताईंनी मुलांसाठी विचारलं. वहीतला तो शेवटचा उपयोगी प्रश्न.

एकदा मी ताईंना स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणून डावीकडून उजवीकडे सांगायला लावलं. मिक्सर, बियांच्या बरण्या, कॅप्सूल, खिडकीत सासूबाईंचा मशेरीचा डबा. त्या पुढे सरकल्या. मी म्हटलं, ‘थांबा, खिडकीत काय म्हणालात?’ दोन महिने बांगड्याला घरात बंदी होती आणि तंबाखू तव्यावर भाजली जात होती. तिचा आणि तोंडाच्या कॅन्सरचा संबंध तर कधीचा सिद्ध झालेला.

गणपतीनंतर ताई भेटायला आल्या, डब्यात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घेऊन. नवऱ्याचं वजन तीन किलोनं वाढलंय. सासूबाई दिवसातून चारदा मशेरी लावत, आता दोनदा लावतात, आणि मागच्या आठवड्यात डबा लपवल्याबद्दल त्यांनी सुनेशी दोन दिवस अबोला धरला होता.