वाचकांचे प्रश्न : इंजिन बदलले आणि स्पीडोमीटर पुढे धावू लागला

प्रश्न : माझ्या जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचे इंजिन निकामी झाल्यामुळे मी दुसऱ्या मॉडेलचे मोठे इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह बसवून घेतले. गाडी उत्तम चालते. मात्र जीपीएसवर ताशी ६० किलोमीटर वेग दिसत असताना स्पीडोमीटरचा काटा ७२ वर असतो आणि ४० च्या वेगाला तो ४८ दाखवतो. मेकॅनिकच्या मते इंजिनाची ताकद वाढल्यामुळे मीटर बिघडला असून, तो उघडून काटा मागे ओढून बसवावा किंवा ज्या गाडीचे इंजिन आणले त्या गाडीचाच मीटर लावावा. यांपैकी काय करावे?

उत्तर : तूर्त दोन्हीपैकी काहीच करू नये. स्पीडोमीटरचा इंजिनाच्या ताकदीशी काडीचाही संबंध नसतो. तुमच्यासारख्या गाडीत गिअरबॉक्समधून मागे निघणाऱ्या शाफ्टवर एक छोटा गिअर असतो, तो दुसऱ्या, बहुधा प्लॅस्टिकच्या, गिअरला फिरवतो आणि त्या दुसऱ्या गिअरला मीटरची केबल जोडलेली असते. गाडी एक किलोमीटर गेली की केबलच्या किती फेऱ्या होणार, हे टायरचा घेर, डिफरन्शियलचे (शाफ्टची फेरी मागच्या चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या गिअरपेटीचे) गुणोत्तर आणि या दोन गिअरांचे दाते एवढ्यांवरच ठरते. तुमचे टायर आणि डिफरन्शियल जुनेच राहिले. गिअरबॉक्स मात्र असा आला की ज्याच्या गिअरांचे दाते त्याच्या मूळ गाडीचे डिफरन्शियल आणि टायर गृहीत धरून ठरवलेले होते. इंजिनासोबत गिअरबॉक्स बदलला नसता, तर काटा जागचा हलला नसता. (इंजिनाशी थेट नाते असते ते आरपीएम मीटरचे, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचे. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. त्यामुळे चार सिलिंडरसाठी बनवलेला, ठिणग्या मोजणारा मीटर सहा सिलिंडरच्या इंजिनावर २००० फेऱ्यांना ३००० दाखवतो. अनेकदा ही तक्रार स्पीडोमीटरच्या नावावर खपवली जाते.)

तुम्ही दोन वेगांचे आकडे दिलेत हे फार चांगले झाले, कारण निदान त्यातच आहे. ७२ भागिले ६० म्हणजे १.२ आणि ४८ भागिले ४० म्हणजेही १.२. चूक प्रत्येक वेगाला त्याच प्रमाणात वाढते, याचा अर्थ बहुधा केबल सरसकट २० टक्के जास्त फिरते आहे. काटा चुकीच्या जागी बसला असता, तर प्रत्येक वेगाला ठरावीक आकड्याचाच फरक दिसला असता. आता काटा १२ ने मागे ओढला तर काय होईल ते पाहा : ६० ला तो बरोबर दाखवेल, ९० ला ९६ दाखवेल आणि ४० ला ३६ दाखवेल. प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवणारा मीटर हा जास्त दाखवणाऱ्यापेक्षा कितीतरी घातक असतो.

खात्रीसाठी आणखी एक सोपी तपासणी करावी. ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेवरच केबलचे मीटर चालत आले आहेत : केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यासोबत ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र त्याच केबलवर, पण निव्वळ दात्यांनी फिरतात. म्हणून किलोमीटरचे दगड पाहत १० किलोमीटर जावे. मीटरवर १२ किलोमीटर वाढले, तर केबलच जास्त फिरते आहे हे सिद्ध झाले. बरोबर १० वाढले आणि तरी काटा पुढे असला, तर दोष मीटरमधील स्प्रिंग किंवा चुंबकाचा आहे.

केबल जास्त फिरते असे निघाल्यास, आणि तसेच निघेल असा माझा अंदाज आहे, प्लॅस्टिकचा गिअर बाहेर काढून त्याचे दाते मोजावेत. त्या संख्येला दिसणाऱ्या वेगाने गुणून खऱ्या वेगाने भागले की हवे असलेले दाते मिळतात. समजा तुमच्या गिअरला १८ दाते आहेत. मग १८ गुणिले ७२ भागिले ६०, म्हणजे २१.६ दाते हवेत. अपूर्णांकात दाते नसतात. २२ दात्यांचा गिअर अधिक जवळचा वाटतो, परंतु त्याने ६० ला ५८.९ दिसेल, २१ दात्यांनी ६१.७ दिसेल, आणि मी २१ चाच घेईन. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसारही मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्शात ४ किलोमीटर मिळवून येणाऱ्या आकड्याइतकी आहे. या मापाने ६० ला ७० पर्यंत चालते. गंमत म्हणजे तुमचे ४० चे ४८ काठावर बसतात, ६० चे ७२ मात्र बसत नाहीत.

दाते वाढले की गिअरचा व्यासही वाढतो. त्यामुळे अनेक गिअरबॉक्समध्ये गिअर धरणारी बाही (स्लीव्ह) मुद्दाम मध्यापासून सरकवलेली असते आणि दात्यांच्या संख्येनुसार ती फिरवून बसवावी लागते. हे विसरल्यास नवा गिअर काही दिवसांत झिजून जातो. योग्य दात्यांचा गिअर मिळालाच नाही, तर केबलच्या मध्ये बसणारी, फेऱ्यांचे प्रमाण बदलणारी छोटी गिअरपेटी मिळते.

राहिला मीटर बदलण्याचा सल्ला. जपानी मानकाच्या मीटरला एका किलोमीटरमागे केबलच्या ६३७ फेऱ्या लागतात. जुन्या अमेरिकी गाड्यांत मैलाला सुमारे १००० फेऱ्यांची पद्धत होती, म्हणजे किलोमीटरला साधारण ६२१. यांतला फरक अडीच टक्क्यांचा. असा एक मीटर काढून दुसरा लावल्याने २० टक्क्यांची चूक कशी भरून निघणार?

प्रश्न : माझ्या गाडीत केबल नाही, सेन्सर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलल्यापासून ताशी २० किलोमीटरपर्यंत काटा शून्यावरच राहतो आणि नंतर थरथरत भलताच आकडा दाखवतो. दुकानात सिग्नल कन्व्हर्टर सुचवला आहे. तो घ्यावा का?

उत्तर : घ्यावा, परंतु आधी सेन्सरच्या तारा मोजाव्यात. दोन तारांचा सेन्सर बहुधा चुंबकीय असतो आणि त्याचा व्होल्टेज वेगासोबत कमी-जास्त होतो. तीन तारांचा हॉल सेन्सर (बाहेरून वीज घेऊन चालणारा) कमी वेगालाही पूर्ण उंचीचे, चौकोनी ठोके, म्हणजे विजेचे सिग्नल, देतो. तुमचा मीटर चौकोनी ठोक्यांची वाट पाहत असावा आणि नव्या गिअरबॉक्सवर चुंबकीय सेन्सर असावा. कमी वेगाला त्याचा क्षीण सिग्नल मीटरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ठोक्यांची संख्या आणि त्यांचे स्वरूप हे दोन्ही बदलणारा कन्व्हर्टर हवा. एका फेरीला ४ ठोके देणाऱ्या सेन्सरकडून ६३७ फेऱ्यांच्या हिशेबाने किलोमीटरला २५४८ ठोके मिळतात. त्याच मीटरला ८ ठोक्यांचा सेन्सर जोडल्यास काटा थेट दुप्पट वेग दाखवतो.

कन्व्हर्टर फक्त मीटरकडे जाणाऱ्या तारेवर बसवावा. इंजिनाचा ईसीयू (नियंत्रण करणारा संगणक), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि क्रूझ कंट्रोल हेही बहुधा हाच सिग्नल वापरतात आणि त्यांना तो आपल्या मूळ मापातच हवा असतो. चाकांवरच्या एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरच्या तारांना तर हातच लावू नये. नंतर टायरमध्ये योग्य हवा भरून, सपाट आणि सरळ रस्त्यावर वेग काही सेकंद स्थिर ठेवून, शेजारी बसलेल्या माणसाला जीपीएस पाहायला सांगावे. जीपीएसचा आकडा क्षणभर मागे असतो. पूर्ण झिजलेल्या टायरचा घेर नव्यापेक्षा सुमारे दोन टक्के कमी भरतो, त्यामुळे टायर बदलायचे असतील तर आधी ते बदलावेत आणि मगच मीटर जुळवावा.

प्रश्न : चुकीच्या मीटरवर वर्षभरात १२,००० किलोमीटर नोंदले गेले. ते आकडे मागे घ्यावेत का?

उत्तर : मुळीच नाही, आकडे मागे फिरवणे अनेक देशांत गुन्हा आहे. चूक १.२ पट असेल तर खरे अंतर १०,००० किलोमीटर. इंजिन बदलल्याच्या आणि मीटर दुरुस्त केल्याच्या दिवशीचे आकडे तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहावेत, ऑइल बदलण्याचा हिशेब खऱ्या अंतरावर ठेवावा आणि गाडी विकताना ती नोंद घेणाऱ्याला दाखवावी.