घरशाळेत मूल एकटं कधी बसेल?

ताई, शाळेत न घालता घरीच शिकवत असलेलं मूल एकट्याने अभ्यासाला कधी बसेल, असं तुम्ही विचारलंत. पहिल्याच आठवड्यात तासभर एकटं बसवू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला १० मिनिटं पुरे, आणि कामही येणारंच द्या: कालच्याच रीतीची ५ वजाबाकीची गणितं, शुद्धलेखनाच्या ४ ओळी. नवा धडा एकट्यावर टाकला की मूल दर मिनिटाला हाक मारतं. तो आळस नसतो, पुढची पायरी त्याला ठाऊक नसते. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. रडारड झाली तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर या.

सकाळी पाटीवर ३ कामं त्यालाच लिहायला लावा, झालेलं त्यानेच पुसायचं. अडलं तर सोडवलेलं उदाहरण पुन्हा वाचायचं, तरी जमेना तर पेन्सिलीने खूण करून पुढचं घ्यायचं. तुम्ही मध्येच धावून जाऊ नका, बहुतेक पालक इथेच चुकतात. तपासणी मात्र त्याच दिवशी, नाहीतर चुकीची रीत पक्की होते.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, पण छापील प्रतच घ्या; मोबाइल हातात आला की लक्ष उडतं. तुम्ही सांगलीतच आहात, तर नगर वाचनालयात गोष्टीचं पुस्तक त्यालाच निवडू द्या.

दहावीला १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरायचा विचार असेल, तर आठवीच्या वयात आठवड्याचं वेळापत्रक त्याच्याकडेच सोपवा.