गेम न सोडता आयुष्यात काही करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय २६, नोकरी ठीकठाक, घरी आलात की झोपेपर्यंत गेम. खेळताना मजा येते, पण स्क्रीन बंद केली की ‘हे सगळं कशासाठी’ हा विचार पाठ सोडत नाही. गेम सोडायचे नाहीत आणि जगण्याला उद्देशही हवाय. दोन्ही एकत्र जमेल का?

जमतं. पण मी आधी नेमकं उलटं करून तोंडावर आपटलोय, तेव्हा ते आधी ऐका.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये ‘प्लेड’ अशी एक कमांड आहे. ती दिली की त्या कॅरेक्टरवर एकूण किती वेळ घालवला ते दिसतं. एका रात्री सहज टाकून बघितली. १४१ दिवस! चोवीस तासांचा एक, असे १४१. घामच फुटला. त्याच रात्री गेम उडवला, आता गाडी रुळावर येणार म्हणून खूशही झालो. पुढचे चार महिने काय केलं? फोनवर अंगठा फिरवत बसलो. रोज तेवढेच तास, आणि वर कुणाशी बोलणंही नाही. गेममध्ये निदान माणसं तरी होती. जागा रिकामी केली म्हणून तिथे आपोआप काही येऊन बसत नाही, हे कळायला मला चार महिने लागले.

गेम इतके का धरून ठेवतात याचं मला पटलेलं उत्तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत आहे. त्यांच्या मते माणसाला तीन गोष्टींची भूक असते: आपल्या मर्जीने काही करता येणं, एखादी गोष्ट जमतेय असं जाणवणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. रायन यांनी सहकाऱ्यांसोबत २००६ मध्ये हेच गेमच्या बाबतीत तपासलं. ज्याला गेममधून या तीन गोष्टी जास्त मिळतात, त्याला मजा जास्त येते आणि पुन्हा खेळावंसं वाटतं. म्हणजे तुमची भूक खरीच आहे. गेम ती भागवतो, फक्त फार सोयीने भागवतो.

म्हणून ‘माझा उद्देश काय’ हा भलामोठा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी गेममध्ये तुम्ही नक्की कशात रमता ते बघा. कारखाना उभारायच्या फॅक्टोरिओत कुणी दोन-दोन तास एकच कन्व्हेअर बेल्ट नीट करत बसतो, कुणाला डार्क सोल्समध्ये एकाच बॉसकडून, म्हणजे एकाच तगड्या शत्रूकडून, चाळीस वेळा मरूनही कंटाळा येत नाही, कुणी स्टारड्यू व्हॅलीत फक्त शेत सजवतो. ही तिन्ही माणसं वेगळी आहेत, आणि गेमबाहेरही त्यांना वेगळंच काहीतरी मानवेल.

माझं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. मी रेड लीडर होतो. रेड म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून बॉसवर केलेली चढाई. सगळ्यात अवघड रेडला बरोबर वीस जण लागतात. वीस जणांच्या वेळा जुळवायच्या, लुटीवरून झालेली भांडणं मिटवायची, नवीन माणसाला तोच डाव सातव्यांदा समजावून सांगायचा. बॉस मेल्याचा आनंद असायचाच, पण आदल्या आठवड्यात स्वतःच्या चुकीने सगळ्यांना वाइप करणारा, म्हणजे अख्खी टीम मारवणारा, पोरगा आज बरोबर जागी उभा राहिला, की मला त्याहून जास्त बरं वाटायचं. गिल्डमधला, म्हणजे आमच्या गेममधल्या गटातला, एक जण म्हणायचासुद्धा, “तू समजावतोस तेव्हा चिडत नाहीस यार.” तेव्हा हसण्यावारी नेलं.

पुढे ओळखीतल्या दोन मुलांना शनिवारी गणित शिकवायला लागलो. काही थोर विचार नव्हता, कुणीतरी विचारलं आणि मी हो म्हणालो. त्यातली एक मुलगी ठाम होती की एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे. कागदाच्या घड्या घातल्या, पट्ट्या कापल्या, चित्रं काढली. त्या दिवशी पटायचं, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. असे तीन महिने गेले. खरा जाच इथे आहे, आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. गेममध्ये प्रत्येक फटक्याला आकडा उडतो, पट्टी भरते, लेव्हल वाढल्यावर आवाज येतो. इथे तीन महिने काहीच हललेलं दिसत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मी सोडणारच होतो. मग एक वही केली आणि दर शनिवारी दोनच ओळी लिहायला लागलो: आज काय अडलं, आज काय सुटलं. मागची पानं चाळली की कळायचं, अडणं तेच नव्हतं, थोडं थोडं पुढे सरकत होतं.

वेळेचं गणित सोपं ठेवलं. हे काम आधी, गेम नंतर. गेम आधी घेतला की काम माझ्याकडून एकदाही झालं नाही. शिवाय रोज हजेरी लावायला लावणारे आणि पेटीतून काय निघेल या आशेवर खेळवणारे गेम मी बंद केले. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरंसुद्धा थकेपर्यंत बटण टोचत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कधीच दाखवून दिलंय. आपण त्यांच्यापेक्षा फार शहाणे नाही.

लोक तुम्हाला एआय संशोधक डेमिस हसाबिस यांचं उदाहरण देतील: किशोरवयात थीम पार्क गेम घडवण्यात हात, २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. ऐकायला छान आहे, पण तुमच्या-माझ्या काही कामाचं नाही. गेमचा पुढे उपयोग झाला तरच तो खेळणं माफ, असा हिशोब कशाला? मजा म्हणून खेळा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, नोकरी-झोप-नाती बिघडताहेत तरी खेळणं चालूच आहे आणि असं वर्षभर चाललंय, तर प्रकरण वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. अशा वेळी माझं उत्तर बाजूला ठेवून समुपदेशकाकडे जा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

मी पुन्हा त्याच गिल्डमध्ये आहे, आता साधा हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) म्हणून, आठवड्यातून दोन रात्री. कोण कधी खेळणार याची यादी आता दुसराच एक जण सांभाळतो, आणि तो नवीन पोरांवर फार ओरडतो. तुम्ही कोणते गेम खेळता ते लिहिलेलं नाही. गेमचं नाव आणि त्यात तुम्ही सगळ्यात जास्त वेळ काय करता ते कमेंटमध्ये टाका, मग त्यावर बोलू.